दुर्बिणीचं छिद्र

बाळ्याने शेवटी हात टेकले आणि ताईला हाक मारली.

"ताई, जरा इकडे ये गं. हे भोक काही माझ्या हातून पडत नाही."

बाळ्या म्हणजे काही बाळ नव्हता. पासष्टी उलटलेली, डोक्याचं मैदान झालेलं, आणि गेल्या हिवाळ्यापासून उजव्या हाताला कंप. पण त्याला बाळ्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस आता नवं नाव शिकायच्या भानगडीत पडणार नव्हतं.

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. खिडकीपाशी बाळ्याचं टेबल होतं. त्यावर जुनी चादर, चादरीवर कानशी, चिमटे, रंगाच्या डब्या, आणि मधोमध तो रणगाडा. वीतभर लांबीचा, राखी, अजून रंग न लावलेला. नगरपालिकेच्या संग्रहालयात लढाईच्या दिवसाचा देखावा मांडायचा होता. गल्ली, घरं, भिंती संग्रहालयाची माणसं करणार होती. रणगाडा मात्र बाळ्याकडे आला होता, कारण सगळा जन्म नकाशे काढण्यात घालवून निवृत्त झाल्यावर त्याने असली लहान लहान यंत्रं बनवण्याचा नाद लावून घेतला होता, आणि गावात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुठे पाडायचंय?" ताईने भिंगाचा चष्मा चढवत विचारलं.

"इथे. तोफेच्या मुळाशी ही जाड ढाल आहे ना, तिच्यात. नेमाच्या दुर्बिणीचं भोक. खोक्यातून आलेली ढाल नुसती सपाट आहे. भोकाशिवाय हा रणगाडा म्हणजे डोळे काढलेला माणूस."

"आणि ते पाडायला आंधळ्या-पांगळ्यांची जोडी बसलीय."

"आंधळा मी, हात पांगळे माझे. तू आपली ठणठणीत आहेस."

ते खोटं नव्हतं. ताईने चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासल्या होत्या. तिळाएवढे स्क्रू, दोऱ्याएवढ्या तारा. दुकानदार म्हणायचा, बाईंच्या हातात मुंगीलासुद्धा चष्मा बसेल. दुकान गेलं, दुकानदारही गेला, हात तेवढे राहिले.

भोक कुठे आणि किती अंतरावर, हे बघून यायचं कामही बाळ्याने तिच्याच गळ्यात घातलं होतं. बराकींच्या फाटकाजवळ चौथऱ्यावर त्याच जातीचा एक रणगाडा उभा आहे, लढाईतलाच. ताई आदल्या दिवशी टेप घेऊन गेली, चौथऱ्यावर चढली, तोफेच्या तोंडासमोर उभी राहून ढालीवर टेप ताणू लागली. पहाऱ्यावरचा शिपाई ओरडला, "आजी, चोरून न्यायचा विचार आहे का?" ती म्हणाली, "नाही रे बाबा, ब्लाउज शिवायचाय त्याला. मापं घेतेय." शिपाई हसला आणि तोंड फिरवून उभा राहिला. तिने तळहातावर पेनाने लिहिलं: उजवीकडे, चाळीस. म्हणजे चाळीस सेंटिमीटर. बाळ्याने भागाकार करून सांगितलं, आपल्याकडे ते जेमतेम अकरा मिलिमीटर.

हे सगळं खरं तर दादालाच विचारता आलं असतं. दादा म्हणजे सख्खा भाऊ नव्हे; लढाईत तो अशाच एका रणगाड्यावरचा तोफवाला होता. दर रविवारी चारला यायचा, चहा प्यायचा, आणि बाळ्याला हैराण करून सोडायचा. मागे बादली टांगलेली असायची, ती कुठाय? साखळीचा हा दुवा आम्ही बदलला होता, तो वेगळ्या रंगाचा हवा. भोकाचं विचारलं, तेव्हा मात्र म्हणाला होता, "ते राहू दे रे. डास शिरेल एवढं ते. कोण बघतंय?"

ताईने ढाल चिमट्यात धरली, बारीक ड्रिल बोटांच्या चिमटीत घेतलं आणि हळूहळू फिरवायला लागली. रणगाड्याचं तोंड तिच्याकडे होतं. प्लास्टिकचा राखी भुगा गुंडाळ्या होऊन बाहेर येऊ लागला.

"श्वास तरी घे," बाळ्या म्हणाला.

"तू घे माझ्या वाटचा. आणि टेबल हलवू नकोस."

भोक आरपार झालं. तिने फुंकर मारली. गोल, स्वच्छ, काठाला एक कण नाही. बाळ्याने टाळी वाजवली.

"आता एक केस दे."

"काय?"

"केस. पांढरा, लांब. तोफेच्या नळीच्या तोंडावर चार बारीक खाचा केल्यात बघ. नेम जुळवताना तिथे दोन दोरे आडवे-उभे ताणायचे, आणि मागून नळीतून बघायचं. फुली ज्या वस्तूवर येईल, त्याच वस्तूवर दुर्बिणीचीही खूण आणायची. तोफ आणि दुर्बीण एकाच ठिकाणी बघतायत की नाही, हे तसं ठरवतात. दोरा घेतला तर दोरखंडासारखा दिसेल. तुझा केस बरोबर."

"इतकी वर्षं पांढरे झाले म्हणून चिडवलंस. आता कामाला आले होय."

केस ताणून झाला. फुली दिसायला इतकी नाजूक की बाळ्याला ती दिसलीच नाही, त्याने ताईच्या शब्दावर विश्वास ठेवला. तोफवाला बसतो त्या घुमटाचा वरचा-मागचा भाग अजून चिकटवलेला नव्हता. ताईला गंमत वाटली. तिने रणगाडा फिरवला, त्याची पाठ स्वतःकडे घेतली, आणि वाकून, जणू आत बसल्यासारखा, एक डोळा त्या छिद्रामागे आणला. छिद्रातून समोरच्या घराचं धुराडं दिसलं.

मग ती सरळ झाली.

"बाळ्या, चुकलं रे. डावीकडे पाडलंय मी."

"बघू." बाळ्याने नाक लावून पाहिलं. "तू काल समोर उभी होतीस ना? तोफेच्या तोंडासमोर?"

"हो."

"मग बरोबर आहे. समोरून उजवीकडे, म्हणजे आत बसलेल्याच्या डावीकडे. आरशासारखं."

"पण दुर्बीण उजवीकडे असते," ताई म्हणाली.

दोघांना एकच गोष्ट एकाच वेळी आठवली होती.

ती गोष्ट अशी. लढाईच्या त्या दिवशी ताई अकरा वर्षांची होती आणि बाळ्या पाच. गल्लीच्या टोकाच्या घरात तिसऱ्या मजल्यावर ते राहत. शेजारच्या खोलीत शत्रूने मशीनगन मांडली होती. नळाचं पाणी बंद झालेलं, म्हणून आईने दोघांना बादली देऊन मागच्या रस्त्याने कोपऱ्यावरच्या हातपंपाकडे पाठवलं. आपला रणगाडा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आला. मशीनगनच्या खिडकीवर त्याने नेम धरला, आणि गोळा, रणगाड्यातून बघता, तिच्या उजवीकडच्या खिडकीत गेला. ती खिडकी त्यांच्या स्वयंपाकघराची होती. आई आत होती. पुरण्यासारखं काही सापडलं नाही, आणि आईचा एकुलता एक फोटोही त्याच भिंतीवर होता.

पुढच्या उन्हाळ्यात एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा मावशीच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला. म्हणाला, ती तोफ माझी होती. मावशीने त्याला झाडू घेऊन जिना उतरवला. तो परत आला. कोळसा घेऊन आला, छपराची गळती काढून गेला, बाळ्याला गोवर झाला तेव्हा औषध आणायला रात्रभर सायकल हाणली. ताई त्याच्याशी बोलत नसे. एक दिवस मात्र तिने सरळ विचारलं, "तू तिला पाहिलं होतंस का?"

"नाही," तो म्हणाला. मग मावशीच्या टोपलीतून लोकरीचे दोन धागे काढून त्याने टेबलावर पसरले. हा डावीकडचा लाल, तोफ. हा उजवीकडचा पांढरा, दुर्बीण. नेम जुळवायचा तो लांबच्या वस्तूवर. त्या दिवशी धूर इतका होता की लांबचं काही दिसत नव्हतं, म्हणून आम्ही जवळच्या न्हाव्याच्या पाटीवर जुळवला. ती पाटी म्हणजे ही मीठदाणी. दोन्ही धागे मीठदाणीपाशी भेटले. आता पुढे बघ. त्याने धागे तसेच सरळ टेबलाच्या काठापर्यंत नेले. मीठदाणीपलीकडे लाल धागा पांढऱ्याला ओलांडून उजवीकडे गेला होता. "दुर्बीण ज्या बाजूला, त्या बाजूला गोळा भरकटतो," तो म्हणाला. "मी त्यांच्या खिडकीकडेच बघत होतो, पोरी. गोळा तुमच्या खिडकीत गेला."

बारा वर्षांच्या मुलीला ते कळलं. कळलं म्हणूनच तिने त्याला दादा म्हटलं. मावशी गेली, पुढे ताईचा नवरा गेला, बाळ्याची बायको गेली, आणि प्रत्येक वेळी खांदा द्यायला दादा पहिला. त्या दोन धाग्यांवर सगळं आयुष्य उभं होतं म्हणायला हरकत नाही.

"त्याचा रणगाडा वेगळ्या बनावटीचा असेल," बाळ्या म्हणाला.

"चौथऱ्यावरचा त्याच्याच तुकडीतला आहे. तो स्वतःच दर वर्षी तिथे फुलं ठेवतो."

"साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. डावं-उजवं विसरला असेल."

"तेव्हा एकच वर्ष झालं होतं." ताईने खुर्ची ओढली आणि बसली. "आणि बाळ्या, त्याचा कान."

बाळ्याला लगेच उमगलं नाही. मग उमगलं. दादाचा उजवा कान ठार बहिरा होता. तोफेचं मागचं तोंड त्या बाजूला असायचं म्हणून, हे त्याने शंभरदा सांगितलं होतं. दर रविवारी तो भिंतीला उजवा कान लावून बसे आणि ही दोघं त्याच्या डाव्या हाताला. तोफ उजवीकडे असेल, तर माणूस तिच्या डावीकडे बसलेला. आणि त्याची दुर्बीण त्याच्या डोळ्यासमोर. तीही डावीकडे. इतकी वर्षं ताई त्या डाव्या कानाशी बोलत होती आणि तिच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

तिने टोपलीतून लोकर काढली. लाल नव्हती, निळी घेतली. डावीकडे दुर्बीण, उजवीकडे तोफ. मधे मीठदाणी. पलीकडे तोफेचा धागा डावीकडे गेला. मशीनगनच्या खिडकीच्या डावीकडे जिन्याची कोरी भिंत होती. गोळा चुकला असता तर तिथे गेला असता. त्यांच्या खिडकीत जायचा असेल, तर चुकून जाऊ शकत नव्हता.

बाळ्याने धागे गोळा केले.

"पुट्टी आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "भोक बुजवू. रंग लावला की कुणाला कळणार नाही. हवं तर उजवीकडे दुसरं पाड."

"काय बोलतोयस तू?"

"तो ऐंशीचा आहे, ताई. आज आहे, उद्या नाही. तुला आई आठवते तरी. मला काहीच आठवत नाही. मला सायकल कुणी शिकवली? दादाने. शाळेत सही करायला कोण आलं? दादा. तू ते माझ्याकडून काढून घेणार, एका भोकासाठी?"

"मी काढून घेत नाहीये."

"मग बुजव."

ताईने पुट्टीची डबी हातात घेतली. खरंच घेतली, झाकणही उघडलं. मग तिने ते परत लावलं आणि डबी खिडकीत ठेवली.

"मला त्याच्यासमोर चहा ठेवता यायला हवा, बाळ्या. बुजवलं तर ठेवता येणार नाही."

चार वाजता दादा आला. जिना चढून धाप लागलेली, कोट काढतानाच बडबड सुरू. "खालची बाई विचारते, कुणाकडे? म्हटलं, सासरी चाललोय. ऐंशीच्या म्हाताऱ्याला लाजली हो ती." तो आपल्या जागेवर बसला, भिंतीकडे उजवा कान करून. टेबलावरचा रणगाडा दिसला आणि चेहरा फुलला.

"अरे वा! बादली लावलीस! आणि हा दुवा... लेका, तू तर..."

मग त्याचं बोट ढालीपाशी आलं आणि थांबलं.

"पाडलंत म्हणजे," तो म्हणाला.

"ताईने पाडलं," बाळ्या म्हणाला आणि खाली बघत राहिला.

ताईने निळी आणि पांढरी लोकर त्याच्यापुढे ठेवली. मीठदाणी ठेवली. "दादा, लहानपणी दाखवलं होतंस, तसं एकदा दाखव."

दादाने निळा धागा उचलला. डावीकडे नेला. रणगाड्याकडे बघितलं. धागा उजवीकडे आणला. मग तो नुसताच बोटात धरून बसला.

"न्हाव्याची पाटी नव्हतीच," ताई म्हणाली.

"पाटी होती. पण आम्ही नेम तिच्यावर नव्हता जुळवला. पहाटे लांबच्या धुराड्यावर जुळवला होता. मीच. अगदी बरोबर होता."

"म्हणजे पाहिलं होतंस तिला."

"पाहिलं."

बाळ्या उठून उभा राहिला, आणि कुठे जायचं ते न कळून पुन्हा बसला.

"बारा वर्षांची पोर विचारते, तू तिला पाहिलंस का," दादा म्हणाला. "काय सांगायचं?"

"खरं."

"खरं सांगितलं असतं तर तू दार उघडलं असतंस?"

"नसतं उघडलं."

"मग? आणि नुसतं माझ्यासाठी नाही, पोरी. तुझ्या आईसाठीपण. तुम्हाला गावात राहायचं होतं. लोकांनी काय म्हटलं असतं, तुला कल्पना नाही."

"माझ्या आईला? काय म्हटलं असतं लोकांनी?"

दादाने धागा खाली ठेवला. "ती खुणा करत होती. त्या मशीनगनवाल्यांना. खिडकीतून अर्धी बाहेर वाकून. आमचा अधिकारी ओरडला, बाई आपली जागा दाखवतेय, उडव तिला. मी दुर्बिणीत बघितलं. मलाही तेच दिसलं. दुर्बिणीत माणूस जवळ येतं गं, हात लावावा एवढं. मी बराच वेळ बघितलं. मग दाबलं." त्याने मीठदाणी बाजूला सारली. "मी कधी बोललो नाही. म्हटलं, त्यांच्या मनात तरी ती स्वच्छ राहू दे."

ताईचा आवाज अगदी शांत होता. ती स्वतःच त्या आवाजाला घाबरली. "कसल्या खुणा?"

"आता काय त्याचं..."

"कसल्या, ते दाखव."

दादाने उजवा हात उचलला. कोपर वर, पंजा बाहेरच्या बाजूला. हवेला दोनदा मागे लोटल्यासारखं केलं. मग मूठ घट्ट आवळली आणि छातीशी आणली. पुन्हा पंजा, पुन्हा मूठ. म्हाताऱ्या हाताने ते इतकं बिनचूक केलं की ते तो आज पहिल्यांदा करत नव्हता, हे उघड होतं. एकट्याने, आरशासमोर किंवा अंथरुणात, त्याने ते किती वेळा केलं असेल कोण जाणे.

ताईने टेबलाची कड धरली. हातपंपापासून परत येताना मागचा रस्ता बंद होता, म्हणून ती गल्लीच्या तोंडाशी आली होती. बादली एका हातात, बाळ्या दुसऱ्यात. वर बघितलं तर आई. ताई वळली आणि पळाली होती, बादली टाकून. स्फोट पाठीमागे झाला.

"ती त्यांना काही दाखवत नव्हती," ती म्हणाली. "आम्ही खाली होतो. गल्लीत. ती मला सांगत होती, मागे जा. आणि मूठ म्हणजे, बाळ्याला घट्ट धर. रस्ता ओलांडताना ती नेहमी तसंच करायची, दोन्ही हातांत सामान असलं की नुसत्या मानेने."

दादाचा हात छातीशीच राहिला होता. डावा कान त्यांच्याकडे होता, त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचे ओठ निळसर झाले. ताईच्या मनात आलं, पाणी द्यावं. ती उठली नाही.

"गल्लीत कुणी नव्हतं," शेवटी तो म्हणाला. "दुर्बिणीत नव्हतं कुणी."

"दुर्बीण वर होती ना. खिडकीवर."

तो हात खाली घेऊ लागला. तेवढ्यात बाळ्याने खुर्ची पुढे ओढली. त्याचा चेहरा ताईने कधी पाहिला नव्हता असा झाला होता, भुकेल्या पोरासारखा.

"पुन्हा कर," तो म्हणाला.

"बाळ्या..."

"मला तिचं काहीच आठवत नाही. तू बघितलंयस तिला. जवळून. कर पुन्हा. मूठ करायच्या आधी बघत कुठे होती? खाली? मान कशी होती?"

दादाने ताईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे असं कधीच पाहिलं नव्हतं, सोडव म्हणून. ती एक शब्द बोलली असती तर बाळ्या थांबला असता. लहानपणापासून तो तिच्या एका शब्दावर थांबत आला होता.

"बाह्या वर केलेल्या होत्या?" तिने विचारलं.

"हो," दादा म्हणाला. "कोपरापर्यंत."

"मग तशा कर."

त्याने सदऱ्याच्या मनगटाची बटणं सोडली, बाह्या दुमडल्या, आणि हात वर उचलला.